खाली टांगलेली चित्रं

गेवराईला भाचीकडे होते, तेव्हा आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनचा फोन आला. "सुमनबाई गेल्या." आदल्याच आठवड्यात तिने मला दटावलं होतं, "मंगळवारी चित्रं बघायला ये, नुसती चहाला येऊ नकोस." मी चहालाच जायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं... तो मंगळवार तसाच गेला.

सुमन चित्रकलेची शिक्षिका, माझी शाळेतली सोबतीण. निवृत्त झाल्यावर तिने तेलगावजवळच्या आमच्या गावात चित्रांचं संग्रहालय काढलं. दुष्काळाने दूध आटलं होतं, संस्थेची संकलनाची खोली रिकामी पडली होती. चेअरमनच्या मागे भुणभुण लावून तिने ती मिळवली. चित्रं आर्ट स्कूलच्या जुन्या वर्गमित्रांकडून मागून आणली, काही तर हिसकावूनच आणली असावीत. "प्यायला पाणी नाही आणि तू तैलचित्रं मांडतेस!" मी म्हटलं. "पाणी नाही म्हणून डोळे मिटून बसायचं का?" ती म्हणाली.

उद्घाटनाला बायका आल्या, चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि एकेका चित्राला हात जोडत बाहेर पडल्या. शेजारच्या गोदाकाकूंनी तर आंब्याच्या झाडाच्या चित्राला हळदकुंकू वाहिलं. मला हसू आवरेना. सुमन मात्र रडकुंडीला आली. एवढ्या खटपटीने जमवलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. चेअरमन अवघडून म्हणाले, "बाई, वाईट वाटून घिऊ नका. पर माणसं येनार नसतील तर पाडव्यानंतर खोलीत चारा भरावा लागंल."

सुमनने सगळे खिळे उपटले आणि चित्रं पार खाली, कमरेच्याही खाली लावली. "वर टांगलं की त्याचा देव होतो," एवढंच बोलली. टँकर संस्थेच्या आवारातच यायचा, पण कधी येईल याचा नेम नसायचा. बायका रांगेत घागरी ठेवून उन्हात ताटकळायच्या. सुमनने दार उघडून हाक मारली, "नंबर घागरी राखतील, तुम्ही सावलीत या." बायका येऊन फरशीवर टेकल्या, तशी चित्रं ऐन डोळ्यांसमोर आली. व्याख्यान वगैरे तिने दिलंच नाही. विचारलं, "काय दिसतंय?" आंब्याच्या चित्राजवळ सरकून गोदाकाकूच म्हणाल्या, "झाड लई एकटं हाय. खाली कुनी बसल्यालं न्हाई." पलीकडून एकजण फणकारली, "कावून बसंल? समदे ऊसतोडीला गेलेत." त्यावरून अशी जुंपली की टँकरचा हॉर्न वाजला तरी दोघी उठायला तयार नव्हत्या. चेअरमन दारात उभे राहून ऐकत होते. चारा शाळेमागच्या पत्र्याखाली गेला. पुढे पाऊसपाणी झालं, पण बायकांचं येणं सुटलं नाही.

तेराव्यानंतर आम्ही तिथे जमलो. चेअरमननी हौसेने तिचा मोठा फोटो करून आणला होता आणि हार घालून दारावर उंच लावला होता. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मान वर केली की चष्म्यात नुसता उजेड यायचा, सुमन काही दिसेना. गोदाकाकूंना आता काठीशिवाय चालवत नाही. त्या भिंतीला टेकून फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आरं चेअरमन, तिला खाली घे की. हितून दिसंना."

चेअरमन स्टुलावर चढले. फोटो खाली आला, आंब्याच्या झाडाशेजारी लागला. गोदाकाकूंनी हार काढून बाजूला ठेवला आणि हात धरून मला शेजारी बसवलं. "हां ताई, सांगा. काय दिसतंय?"

मला तिची फार आठवण येत होती. मी बघत राहिले... कुणीतरी चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवून गेला.