संगमरवरी पाटीवरच्या मुलाखती

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा त्यांनी माझ्या विद्यार्थ्याला मुलाखत दिली.

विद्यार्थी एम.ए.चा, मी त्याची मार्गदर्शक. रायपुरातलं विद्यापीठ, त्यामुळे प्रबंध हिंदीत. विषय मात्र मीच सुचवलेला: शहरातल्या मराठी कुटुंबांची घरातली भाषा. ब्राह्मणपाऱ्यापासून गुढियारीपर्यंत घरोघर जायचं, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, चहा प्यायचा. पोरगा मराठीच, वडील रेल्वेत. म्हटलं, याच्यासाठी हा डाव्या हातचा मळ.

प्रबंध वेळेत आला. तिथेच मला संशय यायला हवा होता. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याला निर्दोष सोडलं. बरोबरच आहे. मेलेल्या माणसांच्या मुलाखती आधी कुणी छापल्याच नव्हत्या.

वाचता वाचता बाबांचं नाव आलं. पुढे अस्खलित हिंदीत त्यांचं उत्तर: ‘हमारे घर में नाती-पोते सब मराठी ही बोलते हैं।’ बाकीची नावंही ओळखीची निघाली. सगळी मराठी मंडळाच्या सभागृहातल्या पाटीवरची. इमारतीला देणग्या देणाऱ्यांची ती संगमरवरी पाटी, आणि हा दर गणपतीत तिच्यासमोर पंगतीला बसणारा. त्याने ती नावं तशीच उतरवून घेतली होती, क्रमही न बदलता. त्यातलं एकही माणूस आता हयात नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाबा नातीला, म्हणजे माझ्या मुलीला, विचारायचे, “काय करून राहिली, बाई?” ती म्हणायची, “पढ़ रही हूँ, आजोबा.” तिला सगळं समजायचं, फक्त मराठीत उत्तर यायचं नाही. ही एक खंत घेऊनच ते गेले. प्रबंधातले बाबा मात्र अगदी तृप्त होते. ते खोटं मला फार आवडलं, आणि म्हणून राग दुप्पट आला.

पोराला बोलावलं.

“मॅडम, मले वाटलं, सगळे असंच सांगतीन.”

“काहून?”

“मंडळात भाषणात तेच सांगतात ना.”

मी प्रबंध मिटून बाजूला ठेवला. तो म्हणाला, “प्रबंध गेला तर बी.एड.ची सीट जाईल, मॅडम.” प्रबंध विभागाने रद्द केला, सीटही गेली. त्याआधी त्याची आई माझ्या घरी येऊन रडली होती. मी तिला चहा दिला, प्रबंधावर सही दिली नाही. त्या रात्री मलाही जेवण गेलं नाही, पण ते विद्यापीठाला कळवायची पद्धत नाही.

पुढच्या वर्षी तो नव्याने मुलाखती घ्यायला निघाला आणि पहिला माझ्याच दारात आला. बहुधा सूड म्हणून. मी त्याला बैठकीत बसवलं.

“घरात कोणती भाषा बोलता?”

“मराठी,” मी म्हटलं.

आतून मुलगी ओरडली, “मम्मी, चार्जर कहाँ है?”

“वहीं टेबल पे होगा, ठीक से देख!” मी ओरडले.

पोराचं पेन थांबलं. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “काय लिहू, मॅडम?”

“जे ऐकलं ते लिही,” मी म्हटलं.

त्याने लिहिलं. समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. पोरगा जाईपर्यंत मी तिकडे पाहिलं नाही.