खणातली उर्दू पत्रं

जेलमध्ये आलेलं पत्र आधी अधिकाऱ्यानं वाचायचं, त्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारायचा, मगच ते कैद्याला मिळायचं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी पुण्याकडचे एक जेलर बदलून औरंगाबादेत आले. त्यांना उर्दू येत नव्हती, आणि कचेरीतले उर्दू जाणणारे जुने कारकून एव्हाना पेन्शनीत गेले होते. साहेबांनी उर्दू पत्रं टेबलाच्या खणात टाकायला सुरुवात केली. पुढं तीच रीत पडली.

मी हवालदार. टपाल आणून त्यांच्या टेबलावर ठेवणं माझ्याकडं. मारामारीत अडकलेला एक हिमरूचं जरीकापड विणणारा कैदी मला रोज विचारायचा, “हवालदार साब, घर से खत आया क्या?” तो आत आला तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. पत्र आलेलं मला ठाऊक होतं. तरी मी “नाय आलं” म्हणायचो. त्या खोट्याची मला अजून लाज वाटते.

एक दिवस माझं डोकं फिरलं.

“साहेब, ही पत्रं मी वाचतो की. माझी सगळी शाळा उर्दूतच झाली.”

“आणि तुम्ही खरं वाचलं की नाही, ते कोण बघणार? जमणार नाही.”

“समद्या बराकींच्या किल्ल्या माझ्या कमरेला असत्यात. तिथं भरवसा हाय, अन् चार ओळींचा नाय व्हय?”

मी त्यांच्या डोळ्यांदेखत खण उघडला. एकेक पत्र वाचलं, शिक्का मारला, खाली स्वतःची सही केली.

विणकराचं पत्र तीन महिन्यांपूर्वीचं निघालं. त्याला मुलगी झाली होती. नाव बापानंच ठेवायचं म्हणून घरचे थांबले होते, आणि तोवर पोरीला नुसतं ‘मुन्नी’ म्हणत होते. पत्र वाचून त्यानं माझ्याकडं एक कार्ड मागून घेतलं. मग नाव लिहिलेलं कार्ड त्यानं माझ्या हातात दिलं. त्यावरही मीच शिक्का मारला आणि त्याच दिवशी टपालात टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. मी चांगली दोन पानं भरून दिली, सगळी उर्दूत. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला.

“वाचून दाखवू का, साहेब?” मी विचारलं.

त्यांनी खण ओढला आणि खुलासा आत टाकला. बाकी खण आता रिकामाच होता.