सुपरहिरोचा आजा

दौंडहून शिरूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात याकूब मुलाणी वॉचमन आहे. लग्नाच्या तिथीला तिथं गाड्या लावायला जागा पुरत नाही, आणि तिथी सरल्या की कुत्रंसुद्धा फिरकत नाही. याकूबमामा गेटशेजारच्या खोलीतच राहतो. बायको जैतून करोनात गेली, मुलगा इम्तियाज बायको आणि पोरीसह शारजात असतो. दौंडात स्वतःचं घर आहे, पण तिथं जाऊन भिंतींशी बोलायचं का, असं म्हणून तो तिकडं जात नाही.

मामा मूळचा वडगाव रासाईचा. तालमीत घडलेलं अंग घेऊन तरुणपणी मुंबईला गेला आणि मारामारीच्या कामात शिरला. लहान मुलांची एक सुपरहिरोची मालिका तेव्हा टीव्हीवर जोरात होती. तिच्यातल्या नायकाला शिडीवरून उडी मारायचीही भीती वाटायची. मग मुखवटा आणि तो चकचकीत पोशाख चढवून गच्चीवरून याकूब उडायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर मुखवटा काढला की त्याच्या डोळ्यांत सुरमा घालायचे, गळ्यात तावीज बांधायचे, आणि मग तो उस्मान नाहीतर शेरा होऊन त्याच नायकाच्या हातचा मार खायचा. बाँब ठेवणारा तोच आणि बाँब काढणाराही तोच.

दौंडच्या शाळेत पोरं इम्तियाजला चिडवायची, "तुझा बाप काल पुन्हा मेला."

"पण उडतात ते पण अब्बाच हायत," तो सांगायचा. कोणी खरं मानलं नाही. पुढं एका उडीत गुडघा गेला आणि मामा गावी परतला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास पोपटचा फोन आला. हा पोपट त्या काळी फाइट मास्टरच्या हाताखाली होता, आता मालिकांना माणसं पुरवतो.

"याकूब, नवीन वेबसिरीज हाय. हिंदीत. सुपरहिरो कोण माहितीय का? मुसलमानाची पोरगी. लहान गावातली. तिच्या आज्याचं काम हाय. तुझा व्हिडिओ पाठव."

मामानं एवढंच विचारलं, "मारामारी?"

"न्हाई रं. आजा फक्त बोलतो."

मोबाइलवर संवाद आला. कार्यालयाचं बुकिंग बघणारी राजश्री दुपारी डबा खाऊन झाल्यावर मोबाइल धरून उभी राहिली. मामानं धुतलेला सदरा घातला होता, मिशीला कंगवा फिरवला होता. तो म्हणाला, "अंधेरा घिर आया है, मेरी नन्ही शहजादी. इस वक्त तनहा मत जाओ."

राजश्रीनं मोबाइल खाली केला. "मामा, तुम्ही घरात असं बोलता?"

"छे गं. जैतूनला मी शहजादी म्हणलो असतो तर तिनं ताप बघितला असता." मामा हसला. मग त्यानं डोळे मिटले, आणि वडगावात त्याची आई ओसरीवरून हाक मारायची तसं, निम्मं मराठी निम्मं मुसलमानी बोलीत म्हणाला, "अंधारा पड्या, पोरी. अब कायकू जाती अकेली रानमें?"

"हे पाठवा," राजश्री म्हणाली, आणि तेही पुन्हा म्हणायला लावून तिनं मोबाइलमध्ये घेतलं.

मामानं दोन्ही व्हिडिओ पाठवले. पुढचे कितीतरी दिवस खोलीबाहेर पडताना त्याचा मोबाइल खिशात न राहता हातात असायचा. शेवटी पोपटनंच कळवलं. "आवाज आवडला त्यांना. पण म्हणाले, थोडे मराठी वाटतात. मुसलमान वाटायला पायजेत."

"बरं," मामा म्हणाला. त्या दिवशी त्यानं सगळं अंगण झाडलं, कुठलंच लग्न नसताना.

यंदा मालिका आली तेव्हा राजश्रीनं तिच्या मोबाइलवर लावून दिली. दुपारच्या वेळी रिकाम्या हॉलमध्ये, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मामानं ती पाहिली. पोरगी ओढणी कमरेला बांधून कौलांवरून धावत होती, कोसळणाऱ्या पुलाखालून माणसं काढत होती. आई तिला नमाज चुकली म्हणून ओरडत होती आणि ताटात भाकरीही वाढत होती. मामाचे डोळे भरून आले. असं कधी बघायला मिळेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मग आजा आला. पांढरीशुभ्र दाढी, जरीची टोपी, हातात तसबीहची माळ. तो शहजादी म्हणाला. त्यानं काम चांगलं केलं होतं, हे मामानं मनातल्या मनात कबूल केलं.

शुक्रवारी इम्तियाजचा व्हिडिओ कॉल आला. नात अनम पडद्यावर जवळजवळ उडी मारूनच आली. ती तिथल्या शाळेत इंग्रजी आणि हिंदी बोलते, घरी थोडं साधं मराठी.

"दादा, तुम्ही पाहिलं? ती आपल्यासारखी आहे! तिच्या घरी ईद होते!"

"पाहिलं की. मी पण तिच्या दादाचं काम करणार होतो."

"खरंच? मग करून दाखवा ना!"

मामा सावरून बसला. "अंधारा पड्या, पोरी. अब कायकू जाती अकेली रानमें?"

 अनमनं वळून बापाला विचारलं, "पप्पा, दादा काय बोलले? रान म्हणजे काय?"

इम्तियाज सांगू लागला, तेवढ्यात तिकडून कोणीतरी त्याला हाक मारली. मामानं क्षणभर वाट पाहिली. मग घसा खाकरून, हात किंचित उचलून तो सिरीजमधल्या म्हाताऱ्यासारखा म्हणाला, "इस वक्त तनहा मत जाओ, मेरी नन्ही शहजादी."

अनमनं टाळ्या वाजवल्या. "अगदी सेम! दादा, तुम्हीच पाहिजे होता!"

फोन ठेवल्यावर राजश्री ऑफिसच्या दारातून म्हणाली, "काय म्हणाली नात?"

"तिला आवडली सिरीज," मामा म्हणाला, आणि मांडववाल्यांचा टेम्पो आला म्हणून गेट उघडायला गेला.