आमच्या सोसायटीची उद्देशिका

वडापाव समोर आला की आमचे सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून त्याची झडती घ्यायचे. "बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, पाव तर पोर्तुगीजांचा. आणि वडापाव कुणाचा? आपला!" मग तोंडात घास असतानाच गाडी राज्यघटनेवर. "संसद विलायतेची, मूलभूत हक्क अमेरिकेच्या वळणाचे, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडची. उसनं आणायलाही अक्कल लागते हो!" तोवर माझा चहा गार.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेलच. आमचा जरा जास्तच होता.

मुलुंडच्या आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट बसली, तेव्हा नवी नियमावली लिहायचं त्यांनी अंगावर घेतलं. महिनाभर गृहस्थ उपनगरं पालथी घालत होते. पार्किंगचे नियम घाटकोपरहून आणले, पाण्याचे बोरिवलीहून, कुत्र्यांचे अंधेरीच्या कुठल्याशा टॉवरमधून. वर स्वतःची उद्देशिका: "आम्ही, या सोसायटीचे रहिवासी..." पुढे न्याय, समता, बंधुता, सगळं यथासांग. सभेत तेवढीच त्यांनी उभं राहून वाचली. वडापाव निवत होते, म्हणून खालचे चाळीस नियम न वाचताच आम्ही हात वर केले. मीही केला. फ्रेम लिफ्टशेजारी लागली.

दुसऱ्याच दिवशी माहुलहून मासे घेऊन येणारी मावशी तिसऱ्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या दारात, गुडघे धरून बसली. मी समोरच राहतो.

"लिफ्ट बंद हा काय गो?" दार उघडून सेक्रेटरींनी आपल्या मालवणीत विचारलं.

"बंद कशाला? वॉचमन बोलला, तूच लिवलंय, टोपलीवालीनं चढायचं नाय. वीस वर्सं माझी पापलेटं खातोस, आता वास आला काय रं?"

सेक्रेटरी तरातरा खाली फ्रेमपाशी, पाठोपाठ मी. नियम अकरा: फेरीवाले व घरकामगार यांनी लिफ्ट वापरू नये. अंधेरीचा माल. कुत्र्यांच्या नियमांमागोमाग तोही उतरवला गेला होता.

"वर बंधुता आणि खाली हे?" ते पुटपुटले.

"तुम्हीच लिहिलंत," मी म्हटलं.

"आणि तुम्ही हात वर केलात!"

खरं सांगतो, लाज वाटली.

नियम बदलायला पुन्हा सभा हवी. आठवडा होता मध्ये. तेवढे दिवस हा पेन्शनर माणूस मावशीची टोपली डोक्यावर घेऊन जिने चढला. मासळीचं पाणी कॉलरवर, मागून मावशी, "हळू रं, बोंबील सांडशील!" बायका गॅलरीतून हसायच्या.

सभेत कुणीतरी म्हणालंच, "पण लिफ्टमध्ये वास येणार त्याचं काय?"

"फ्रान्सहून अत्तर मागवू!" सेक्रेटरी कडाडले. सगळे हसले. घटनादुरुस्ती एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीसमोर फ्रेम उघडून लाल पेनाने नियम अकरा खोडला. "मी चुकलंय गे," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी ते गेले. नव्या कमिटीला ती खाडाखोड बघवेना. त्या जागी छापील नियमावली लावायला कमिटीवाले निघाले. मावशीने फ्रेमखाली टोपली आपटली. "तो कागद हलवायचा नाय. त्येनं माझ्यासाठी खोडलंय!" कमिटी छापील कागद घेऊन परतली.

अजून ती लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर येते, सवयीने सेक्रेटरींच्या कुलूप लागलेल्या दाराशी टोपली उतरवते, जरा वेळ तशीच बसते, आणि मग माझी बेल वाजवते.