बोगद्याच्या तोंडाशी गायकवाड सर

"गायकवाड सर गेले" हा मेसेज आला तेव्हा मी लंडनजवळच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात कॉलवर होतो. म्यूट करून पुन्हा वाचला. आधी रडू आलं नाही, राग आला. स्वतःचाच. तीनच आठवड्यांपूर्वी मी त्यांना कोपराला धरून अक्षरशः ओढत आणलं होतं...

सर माझे शिक्षक नव्हते. लंडनमधल्या एका हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर एक्स-रे काढले. मी या देशात नवा असताना आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात भेटले. त्यांनी मला खोली शोधून दिली, थंडीचा कोट दिला, आणि त्याच दिवशी हॉलमधल्या खुर्च्याही उचलायला लावल्या. रग्बीचं त्यांना वेड होतं. मला मात्र ते नियम आजही कळत नाहीत. मॅचमध्ये मोडलेले खांदे, निखळलेली बोटं शनिवारी त्यांच्याकडे येत, त्यामुळे मॅच बघायला शनिवार कधी मोकळा मिळालाच नाही. रिटायर झाल्यावर म्हणाले, "ट्विकेनहॅमचं रग्बीचं स्टेडियम आतून दाखव रे. मॅच नको, गर्दी झेपत नाही. टूर असते ना?" मी हो म्हटलं आणि चार वेळा पुढे ढकललं. कधी सॉफ्टवेअरचं रिलीज, कधी मुलीचा वाढदिवस.

शेवटी एका मंगळवारी ईलिंगच्या त्यांच्या घरून त्यांना गाडीत घेतलं. इस्त्रीचा शर्ट, टाय! गाइड हौशी होता. ड्रेसिंग रूममधल्या जर्सी, मोठमोठे टब, सगळं रंगवून सांगत होता. सरांचं लक्षच नव्हतं. खेळाडू मैदानात उतरतात त्या बोगद्याच्या तोंडाशी मात्र ते थांबले. समोर एवढं मोठं रिकामं स्टेडियम, हिरवंगार गवत. बाकीचे पुढे गेले.

"थोडं उभं राहू दे," ते म्हणाले. "तुला एक सांगायचंय."

मला तीन वाजताचा कॉल होता. "सर, गाडीत सांगा ना. चला, उशीर होतोय." कोपराला धरून मी त्यांना बाहेर आणलं.

गाडीत मी विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहू दे. तिथलं होतं ते."

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या पत्नी, गायकवाडबाईंनी विचारलं, "तुला त्या मुलाचं सांगितलं का रे?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनीच सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष. मानेला मार लागलेला एक तरुण खेळाडू. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जाऊ दे. सरांना फिल्ममध्ये मणक्यावर केसाएवढी चीर दिसली. ते स्ट्रेचरसमोर आडवे उभे राहिले, बोलणी खाल्ली, पण हलले नाहीत. मुलगा वाचला. काही वर्षांनी आपल्या क्लबकडून त्याच बोगद्यातून मैदानात उतरला. त्यानं सरांना तिकीट पाठवलं होतं... आणि सरांची ड्यूटी होती.

हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ज्या कॉलसाठी धावलो, तो तर आयत्या वेळी कॅन्सल झाला!

गेल्या आठवड्यात रजा टाकून एकटाच पुन्हा टूरला गेलो. बोगद्यात थांबलो. काहीच झालं नाही, मन हलकंबिलकं तर नाहीच. बाहेर येऊन बाईंना फोन केला.

"किती वेळ थांबलास?"

"दहा मिनिटं. मग गाइडनं बोलावलं."

"आणि गेलास?" त्या म्हणाल्या. "ते हलले नसते."