टोपलीसकट

कॉफीच्या वासात मासळीचा वास मिसळला, की अजूनही माझं डोकं तापतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी वसईतल्या एका कॉफी शॉपमध्ये दर रविवारी मी तत्त्वज्ञानाचा कट्टा भरवायचे. त्या दिवशी विषय होता, ‘एखादी गोष्ट खरी आहे, हे कशावरून कळतं?’ समोरच्या फुटपाथवर मासे विकणारी मार्थामावशी टोपली घेऊन आत आली. “मला पन इचारायचंय,” म्हणाली.

मॅनेजर धावत आला. “मॅडम, टोपली बाहेर. कस्टमरना वास येतो.”

मी चटकन म्हणाले, “मावशी, टोपली तेवढी बाहेर ठेवता का?”

“टोपली भायेर, तर मी पन भायेर,” म्हणत ती वळली.

मला माझीच लाज वाटली. कॉफी तशीच टाकून मी उठले, मागोमाग कट्ट्यावरचे सगळेच उठले आणि आम्ही फुटपाथवर तिच्या टोपलीभोवती मांडी घालून बसलो.

“नवरा दर्यात गेला. बॉडी गावलीच नाय. तो मेला, हे कोन ठरवनार?”

त्या रविवारपासून कट्टा तिथेच, फुटपाथवर भरू लागला.

तेव्हा वाटलं, आपण मावशीला जागा दिली. खरं तर जागा तिचीच होती. तिनं आम्हाला बसवून घेतलं. मॅनेजरनं पुढे दोनदा परत आत बोलावलं. दोन्ही वेळा मी एकच सांगितलं, “टोपलीसकट घेत असाल, तर येऊ.”