उजवीकडचं शेड

रविवार, नऊ नोव्हेंबर, सकाळचे साडेनऊ. रक्कम एक लाख अठ्ठेचाळीस हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका ढाब्याचा मालक, आणि ढाब्याला लागून वीस गुंठे जमीन असलेले एक फळवाले चाचा. रक्कम चाचांना मिळायची होती आणि माझ्यामुळे अडली होती. त्या सकाळपर्यंत मला याचा पत्ता नव्हता.

मी बीडमध्ये एका कॉलेजात हिशेबनीस आहे. वय बावन्न. गेली सात वर्षं रविवारी पहाटे उठून डोंगर, तळी, माळ यांचे फोटो काढायला जातो. कॅमेरा जुना घेतलेला, अडतीस हजारांचा. प्रत्येक फेरीची नोंद वहीत असते: ठिकाण, वेळ, उजेड कसा होता, किती फोटो काढले, त्यातले किती ठेवले. सात वर्षांत दोनशे अकरा फेऱ्या झाल्या आणि भिंतीवर लावावेत असे फोटो निघाले चौदा. बायकोनं एकदा वही चाळून हिशेब केला. "पंधरा फेऱ्यांना एक फोटो. एवढ्यात दुसरा माणूस गवंडीकाम शिकला असता," ती म्हणाली. 

आमच्या भागात हिरवं असं रान वर्षातून सहा-सात आठवडे दिसतं. ते संपलं की सगळं मातकट. मला खरं तर मातकटच आवडतं. मार्चमध्ये बालाघाटाच्या उतारावर सकाळी जो फिकट उजेड पडतो तसा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण तो फोटो कुणाला दाखवला की विचारतात, "इथं काय हाय?" परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या ढिगांवरचं धुकं टिपायला एकदा गेलो. फोटो बरा आला, पण लेन्समध्ये राख गेली आणि साफ करायला सहाशे लागले. आता गुडघा दुखतो. तिपाई खांद्यावर घेऊन चढण चढलो की दहा मिनिटं नुसतं बसावं लागतं, आणि त्या दहा मिनिटांत सूर्य वर येऊन जातो.

यात आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे निसर्ग एकटा सापडत नाही. डोंगरापुढे विजेचा खांब असतो, तळ्याकाठी टँकर उभा असतो, माळावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. म्हणून घरी आल्यावर संगणकावर ते पुसायचं. आमच्या हौशी फोटोवाल्यांत सगळेच पुसतात, त्याला ते 'साफ करणं' म्हणतात. मीही पुसायचो. फक्त मी काय पुसलं तेही वहीत लिहायचो. आणि फोटो पूर्ण झाला की मूळ फोटो काढून टाकायचो, कारण ते जागा फार खातात आणि नवी डिस्क पाच हजारांना येते.

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात ढाब्यामागच्या टेकाडावर चढून मी एक फोटो काढला होता. लांब डोंगराची रांग, तिच्यावर ढगांचे पुंजके, पुढे नुकतंच वखरलेलं काळं रान, सूर्य उजव्या हाताला. चौदांपैकी तो सगळ्यात चांगला. त्याला एका मंडळाच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, तीन हजार रुपये. त्याची मोठी प्रत मी ढाब्याच्या मालकाला दिली, कारण त्या टेकाडावर जायची वाट त्याच्या स्वयंपाकघरामागून जाते आणि त्यानं कधी अडवलं नाही. त्यानं स्वतःच्या पैशानं फ्रेम करून गल्ल्यामागे लावली. फोटोच्या कोपऱ्यात माझ्या सवयीप्रमाणे तारीख छापलेली होती.

त्या रविवारी मी चहा प्यायला बसलो तर मालक म्हणाला, "सर, तुमच्या फोटोनं लई घोळ केला बघा."

"कसला घोळ?"

"ह्यांनाच इचारा."

कोपऱ्यातल्या बाकावर चाचा बसले होते. साठी ओलांडलेले, अंगात पांढरा सदरा, पुढ्यात कागदांची पिशवी. मी त्यांना ओळखत होतो. सीताफळाच्या दिवसांत रस्त्याकडेला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये टोपल्या मांडलेल्या असत. आता ते तिथंच उन्हात हातगाडी लावतात.

हळूहळू त्यांनी सांगितलं ते असं. रस्ता रुंद होणार आहे. त्यात त्यांच्या वीसपैकी सहा गुंठे जातात. जमिनीचे पैसे ठरले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सहा गुंठ्यांत त्यांचं शेड होतं, पक्क्या जोत्यावर, लोखंडी खांबांचं. मे महिन्यातल्या वादळात ते उडालं. पत्रे वाकले, खांब भंगारात गेले. मोजणी झाली जूनमध्ये. मोजणीवाल्यांनी कागदावर लिहिलं, बांधकाम नाही. चाचांनी हरकत घेतली, एक लाख अठ्ठेचाळीस हजार मागितले. त्या पैशात राहिलेल्या जागेवर नवं दुकान उभं राहिलं असतं.

"शेजाऱ्यांनी सह्या दिल्या, लिहून दिलं, शेड व्हतं म्हणून," चाचा म्हणाले. "फोटो मागतेत. माझा फोन बटनाचा. मोबाइलच्या नकाशात बघितलं तर पांढरा ठिपका. शेड हाय का ताडपत्री, कोन सांगावं?"

"मग माझ्या फोटोचा काय संबंध?"

मालकानं चमच्यानं भिंतीकडे दाखवलं. "कचेरीतले साहेब जागा बघाया आलते. जेवाया इथंच बसले. हा फोटो बघितला, तारीख बघितली. मला म्हनले, हीच जागा ना? मी म्हनलो, हीच. मग म्हनले, ह्याच्यात शेड कुठंय?"

मी फोटोकडे पाहिलं. काळं रान, बांध, डोंगर. शेड नव्हतं. अकरा महिने तो फोटो तिथं होता आणि त्यात शेड नाही हे त्या साहेबांआधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही.

"मंगळवारी पुरावा द्यायची आखरी तारीख हाय," चाचा म्हणाले. "तुमी कावून न्हाई घेतलं आमचं शेड? एवढं मोठं व्हतं."

ते रागात विचारत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की कॅमेऱ्याच्या कोनात शेड आलं नसावं. मी हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं, आणि खरं सांगायचं तर दोन घोट चहा होईपर्यंत मी तसाच विचार करत होतो. स्पर्धेच्या नियमात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की फोटोत काही घालू नये, काही काढू नये. मी तो नियम वाचून सही केली होती.

"घेतलं होतं," मी म्हटलं. "नंतर मी पुसलं."

"पुसलं म्हंजे?"

"संगणकावर. फोटोत बरं दिसत नव्हतं."

मग मालक मोठ्यानं हसला. "सर, तुमी पोकलेनवाल्याच्या बी फुडं गेलात! सरकार पाडायच्या आधी तुमी पाडून मोकळे. वादळाला निस्तं नाव."

चाचा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला आणि उठून फ्रेमपाशी गेले. गल्ल्यावर हात टेकून वाकून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, मला काय बोलावं याची जुळवाजुळव करताहेत.

"ही सावली कोनाची?" ते म्हणाले.

मी उठलो. त्यांचं बोट फोटोच्या उजव्या बाजूला होतं. वखरलेल्या रानावर एक लांबट, गडद पट्टा आडवा पडला होता, डावीकडे निमुळता होत गेलेला. मी तो शंभरदा पाहिला होता आणि जमिनीचा खोलगट भाग समजून सोडून दिला होता. सकाळचा तिरपा सूर्य, उजवीकडे शेड. शेड पुसलं, सावली तशीच राहिली होती.

"ही आमच्या शेडची हाय," चाचा म्हणाले. "ह्ये बघा, हितं पुढं काय आलंय. काट्याची दांडी. तराजू टांगायला म्या काढली व्हती वाशाच्या बाहेर."

पट्ट्याच्या वरच्या कडेला खरोखर बोटभर टोक बाहेर आलेलं होतं. मालकानं फ्रेम खाली उतरवून उजेडात धरली. "आयला, हाय की बे!" तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे पाहून, "तुमाला न्हाई म्हनलो, सर."

घरी जाऊन मी वही काढली. त्या रविवारच्या नोंदीत शेवटी माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'उजवीकडचं शेड, पत्र्याचं, पुसलं. खांब दोन, पुसले. वेळ पन्नास मिनिटं. जेवायला बोलावलं, बाकी राहिलं.' बाकी काय राहिलं होतं ते आता कळलं. मूळ फोटो डिस्कवर नव्हता, दोनदा शोधला. बायकोनं नोंद वाचली आणि म्हणाली, "एवढं लिहून ठेवायचं सुचलं, तर ज्याचं शेड त्याला विचारायचं नाही सुचलं?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

सोमवारी रजा टाकली. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, असं मिळून पाचशे वीस रुपये गेले. प्रतिज्ञापत्रात लिहिलं की सदर छायाचित्र मी काढलं, त्यात दिसणारी जागा अमुक, आणि त्या जागेवर त्या दिवशी उभं असलेलं शेड मी स्वतः छायाचित्रातून काढून टाकलं आहे. टायपिस्टनं मान वर करून विचारलं, "काढून टाकलं का काढून घेतलं?" मी म्हटलं, काढून टाकलं. शेड चोरलं नव्हतं एवढं तरी नीट छापून यावं.

मंगळवारी कचेरीत चाचा, मी, काखेत फ्रेम धरून ढाब्याचा मालक, असे तिघं गेलो. साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, वही पाहिली, मग फ्रेम टेबलावर आडवी ठेवून सावली पाहिली.

"म्हणजे हा फोटो खोटा आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि सावली खरी."

"सावलीला मी हात लावलेला नाही."

त्यांनी मला विचारलं की शेड केवढं असेल. हे मात्र मी आदल्या दिवशी करून ठेवलं होतं. रानाच्या बांधावर एक बाभूळ आहे, ती फोटोतही आहे आणि जागेवरही. तिची उंची मोजली, फोटोतल्या तिच्या सावलीशी शेडच्या सावलीचं प्रमाण काढलं. उंची अकरा फूट निघाली. चाचांनी अर्जात साडेदहा लिहिले होते. साहेबांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, "ह्यांनी कमीच लिहिलंय की." मग जोतं जागेवर आहे का ते बघायला माणूस पाठवतो म्हणाले. जोतं होतंच, गवतात दबलेलं.

बाहेर आल्यावर चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहब, चांगलं दिसत नव्हतं का खरंच? शेड?"

पत्रे गंजलेले होते, एका बाजूला निळी ताडपत्री होती, आणि डोंगराच्या रेषेला ते मध्येच तोडत होतं. "तेव्हा नाही वाटलं चांगलं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर सहा रविवार मी झोपून काढले. शरीराला बरं वाटलं, एवढंच. सातव्या रविवारी गेलो, टेकाडावर बसलो, दम गेल्यावर एक फोटो काढला. त्यात हातगाडी आहे, दोन खांब आहेत, मोजणीचे पांढरे दगड आहेत. फोटो सामान्य आहे. चौदांत तो धरणार नाही, आणि जुना काढून टाकल्यामुळे आता तेराच राहिले. ढाब्याच्या मालकाकडे मी ती फ्रेम परत मागितली तर तो म्हणाला, "अजिबात न्हाई. आता गिऱ्हाईक जेवता जेवता सावली हुडकतंय."

फेब्रुवारीत निकाल लागला. मंजूर रक्कम एक लाख सदतीस हजार, त्यातून शेडच्या वयाची घट वीस हजार पाचशे पन्नास. बाकी एक लाख सोळा हजार चारशे पन्नास रुपये चाचांच्या खात्यावर जमा झाले. त्याच आठवड्यात मी बक्षिसाचे तीन हजार मंडळाच्या चिटणीसांना कारण लिहून परत केले आणि पावती वहीत चिकटवली.